अपंगांची गणना कशी करावी?

शुभवर्तमानांतील हरवलेल्या मेंढराची गोष्ट आपणां सर्वांस परिचित आहे. शंभरांपैकीं एक मेंढरूं चुकलें, तेव्हां मेंढपाळ नव्याण्णव मेंढरें मागें ठेवून त्या एकाच्या शोधार्थ निघाला. या गोष्टींतील प्रेमाविषयीं आपण पुष्कळ ऐकलें आहे. परंतु तिच्यांतील एका साध्या बाबीकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. एक मेंढरूं कमी आहे हें त्या मेंढपाळास कळलें कसें? त्यानें तीं मोजलीं होतीं म्हणून! जो मोजीत नाहीं त्याला काय हरवलें हें कळत नाहीं; आणि ज्याला कळत नाहीं तो शोधावयास निघत नाहीं.

राष्ट्राचेंही असेंच आहे. आपल्या देशांत ज्यांना दिसत नाहीं, ऐकूं येत नाहीं, चालतां येत नाहीं, किंवा ज्यांची बुद्धि व मन यांना कांहीं व्यथा जडली आहे, अशीं माणसें किती? हा आंकडा कसा तयार होतो, तो कसा फसतो, आणि तो खरा ठरावा म्हणून आपल्या घरांत आपण काय केलें पाहिजे, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

प्रथम कोणी असें विचारील कीं, मोजण्याची एवढी यातायात कशासाठीं? दया असली म्हणजे पुरे नाहीं काय? दयेनें मोठीं कामें केलीं आहेत यांत संशय नाहीं. कुमारी ॲनी शार्प यांनीं १८८७ सालीं अमृतसर येथें अंधांसाठीं शाळा काढली. कुमारी ॲना मिलर्ड यांनीं १९०० सालीं मुंबईंत तशीच शाळा सुरू केली. दाराशीं आलेलें मूल पाहून अंतःकरण द्रवतें आणि काम सुरू होतें. त्यासाठीं कोष्टकाची गरज नसते. परंतु दया ही दाराशीं आलेल्यापर्यंत पोहोंचते. जो दारापर्यंत येऊंच शकत नाहीं, त्याच्यापर्यंत पोहोंचावयाचें तर गणना पाहिजे. एखाद्या तालुक्यांत किती विशेष शिक्षक नेमावे, ब्रेल लिपींतील किती पुस्तकें छापावीं, किती कृत्रिम पाय व श्रवणयंत्रें मागवावीं, कोणत्या गांवच्या शाळेस पायऱ्यांच्या जोडीला उतरण बांधावी, हें सर्व संख्येवरून ठरतें. २०११ सालच्या खानेसुमारींत असें आढळलें कीं, पांच ते एकोणीस वर्षांच्या अपंग मुलांपैकीं शेंकडा २७ मुलें कधींही शाळेंत गेलेलीं नव्हतीं. म्हणजे दर चार मुलांत एकाहून अधिक! हा एकच आंकडा मोठमोठ्या व्याख्यानांहून अधिक बोलका आहे.

आतां या गणनेचा इतिहास पाहूं. हिंदुस्थानांतील पहिली खानेसुमारी १८७२ च्या सुमारास झाली आणि सर्व देशभर एकाच वेळीं घेतलेली पहिली खानेसुमारी १८८१ सालीं झाली. तेव्हांपासून १९३१ पर्यंत दर दहा वर्षांनीं वेडे, मूकबधिर, अंध आणि महारोगी अशा चार सदरांखालीं व्याधिग्रस्तांची नोंद होत असे. अंध म्हणजे दोन्ही डोळ्यांनीं आंधळा; एका डोळ्याचा माणूस त्यांत येत नसे. लंगड्या-पांगळ्यांसाठीं तर या चार सदरांत स्थानच नव्हतें! प्रगणक म्हणजे कोणी वैद्य नव्हे. महारोग व कोड यांतील भेद त्याला ओळखतां येईलच असें नाहीं, आणि घरांतील वेडसर मुलगी कोण आपण होऊन दाखवील? खुद्द गणना-अधिकाऱ्यांनींच या आंकड्यांच्या खरेपणाविषयीं वारंवार शंका प्रकट केली. शेवटीं १९४१ पासून हा प्रश्नच गाळण्यांत आला.

स्वातंत्र्यानंतर १९५१, १९६१ व १९७१ या तिन्ही गणनांत अपंगांविषयीं प्रश्न नव्हता. १९८१ हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं अपंगांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलें. त्या वर्षींच्या गणनेंत हा प्रश्न पुन्हां आला. १९९१ सालीं तो पुन्हां गेला. २००१ च्या गणनेंतही तो राहूनच जाणार होता. परंतु अपंगांच्या संघटनांनीं, विशेषतः चाकांच्या खुर्चीवरून आपलें कार्य करणाऱ्या जावेद आबिदी यांनीं, त्यासाठीं चळवळ केली, आणि प्रश्नपत्रिकेंत पंधराव्या क्रमांकावर तो समाविष्ट झाला. २०११ सालीं तो नवव्या क्रमांकावर आला. लांब प्रश्नपत्रिकेच्या अखेरीस प्रगणक व उत्तर देणारा दोघेही थकलेले असतात. म्हणून प्रश्नाची जागा वर सरकणें हेंही लहान यश नव्हे.

येथवर इतिहास झाला. आतां आंकड्यांकडे वळूं. येथें तीन कोडीं आपल्यापुढें उभीं राहतात, आणि तीं सोडविल्यावांचून या विषयाचें मर्म कळावयाचें नाहीं.

पहिलें कोडें १९८१ सालचें. त्या वर्षींच्या खानेसुमारींत सर्व देशांत सुमारें ११ लाख अपंग निघाले. त्याच वर्षीं राष्ट्रीय नमुना-पाहणी संस्थेनें निवडक घरांत जाऊन पाहणी केली, आणि तिच्या हिशेबानें ही संख्या सुमारें १ कोटी २० लाख ठरली. देश एक, वर्ष एक, आणि उत्तरांत दहापटींहून अधिक अंतर! कारण काय? खानेसुमारीनें पूर्णपणें अंध, पूर्णपणें पांगळा व पूर्णपणें मुका एवढींच तीन प्रकारचीं माणसें विचारलीं होतीं. ‘पूर्णपणें’ या एका शब्दानें लाखों माणसें दाराबाहेर राहिलीं. ज्याला अंधुक दिसतें, जो काठीच्या आधारानें कसाबसा चालतो, तो या गणनेच्या दृष्टीनें धडधाकट ठरला.

दुसरें कोडें २००१ व २०११ या दोन गणनांचें. २००१ सालीं एकंदर अपंग २ कोटी १९ लाख, म्हणजे शेंकडा २.१३ होते, २०११ सालीं ते २ कोटी ६८ लाख, म्हणजे शेंकडा २.२१ झाले. वरवर पाहतां यांत नवल कांहीं नाहीं. परंतु आंतील सदरें उघडून पाहा. दृष्टीचें अपंगत्व असलेले लोक २००१ सालीं १ कोटी ६ लाख होते, ते २०११ सालीं अवघे ५० लाख उरले. उलट श्रवणाचें अपंगत्व असलेले १२ लाख ६० हजारांवरून एकदम ५० लाख ७० हजारांवर गेले. दहा वर्षांत अर्ध्याहून अधिक अंधांना दृष्टि आली, आणि बहिऱ्यांची संख्या चौपट झाली, असें समजावयाचें काय? मुळींच नाहीं. लोक बदलले नव्हते. व्याख्या बदलल्या होत्या. २००१ सालीं एकाच डोळ्यानें नीट पाहणारा मनुष्य अपंगांत धरला होता, २०११ सालीं तो वगळला. २००१ सालीं श्रवणयंत्र लावून ऐकणारा वगळला होता, २०११ सालीं तो धरला. शिवाय ज्याला दोन अपंगत्वें आहेत त्याच्यासाठीं २०११ सालीं निराळें सदर उघडलें आणि सुमारें २१ लाख माणसें तेथें नोंदलीं गेलीं. २००१ सालीं अशा माणसाचें एकच अपंगत्व लिहिलें जाई. तेव्हां विद्यार्थ्यांनीं हें पक्कें ध्यानांत ठेवावें कीं, दोन आंकड्यांची तुलना करण्यापूर्वीं त्यांमागचे प्रश्न एकच होते काय हें पाहिलें पाहिजे. माप बदललें कीं मोजमाप बदलतें.

तिसरें कोडें देशादेशांतील तुलनेचें. आपल्याकडे २०११ सालीं शेंकडा २.२१, ऑस्ट्रेलियांत २०१८ च्या पाहणीप्रमाणें शेंकडा १७.७, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणें सर्व जगांत सुमारें १३० कोटी माणसें, म्हणजे शेंकडा १६. यावरून आपण ऑस्ट्रेलियनांपेक्षां आठपट निरोगी आहों असा निष्कर्ष काढून कोणी धन्यता मानूं नये! तेथें वृद्ध अधिक आहेत, आणि वार्धक्याबरोबर दृष्टि, श्रवण व गति मंदावतात, हें एक कारण खरें. परंतु मोठें कारण असें कीं, तेथें दम्यापासून सांधेदुखीपर्यंत दैनंदिन व्यवहारांत दीर्घकाळ अडथळा आणणाऱ्या अनेक गोष्टींविषयीं बारकाईनें विचारपूस होते. आणि आपल्याकडे दाराशीं उभा राहून प्रगणक विचारतो, ‘घरांत कोणी अपंग आहे काय?’

या एका प्रश्नांतच सारा दोष सांठलेला आहे. ‘अपंग’ हा शब्द ऐकतांच घरचा कर्ता मनुष्य दचकतो. मुलीचें लग्न व्हावयाचें आहे, लोक काय म्हणतील, पूर्वजन्मींच्या पापाचें फळ म्हणून बोट दाखवतील, अशा नाना शंका त्याच्या मनांत येतात, आणि तो ‘नाहीं’ म्हणून मोकळा होतो. प्रत्येक वेळीं हेतु लपविण्याचाच असतो असेंही नाहीं. सत्तर वर्षांच्या आजीला ऐकूं येत नाहीं. पण ‘म्हातारपणीं तसें चालावयाचेंच’ असें म्हणून घरच्या माणसांना त्यांत अपंगत्व दिसत नाहीं. २०११ सालच्या गणनेंत मानसिक आजाराच्या सदराखालीं सर्व देशांत सव्वासात लाखांहूनही कमी माणसें आलीं. म्हणजे सोळाशेंहून अधिक माणसांत एक! यावर विश्वास बसणें कठीण आहे. तसेंच त्या गणनेंत अपंग पुरुष सुमारें दीड कोटी व स्त्रिया सुमारें १ कोटी १८ लाख निघाल्या. स्त्रिया बहुधा पुरुषांपेक्षां अधिक वर्षें जगतात आणि अनेक देशांत त्यांच्यांतच अपंगत्वाचें प्रमाण अधिक आढळतें. मग आपल्याकडील या तुटीचा अर्थ काय? आंतल्या खोलींत बसलेली मुलगी मोजलीच गेली नाहीं, हा अर्थ बऱ्याच अंशीं खरा असावा.

यावर उपाय काय? हा प्रश्न केवळ आपल्याच देशाचा नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाच्या पुढाकारानें २००१ सालीं निरनिराळ्या राष्ट्रांतील सांख्यिकांचा एक गट स्थापन झाला. त्याची पहिली सभा २००२ सालीं वॉशिंग्टन येथें भरली, म्हणून त्यास ‘वॉशिंग्टन गट’ असें नांव पडलें. त्याच सुमारास, २००१ सालीं, जागतिक आरोग्य संघटनेनें मनुष्याच्या कार्यक्षमतेचें एक नवें वर्गीकरण मान्य केलें होतें. त्याचें सार असें कीं, अपंगत्व हें केवळ शरीरांत नसतें. शरीराची उणीव आणि भोंवतालची परिस्थिति यांच्या संयोगानें तें उत्पन्न होतें. अशी कल्पना करा कीं, दोन माणसांचा एकएक पाय अपघातांत गेला आहे. एकाला चांगला कृत्रिम पाय मिळाला आहे, कचेरींत उतरण आहे, बसमध्यें चढण्याची सोय आहे. दुसरा डोंगरावरच्या वाडींत राहतो आणि त्याच्याजवळ बांबूची काठी आहे. वैद्याच्या वहींत दोघांची नोंद एकच. पण जीवनांत दोघांत केवढें अंतर!

म्हणून या गटानें सहा साधे प्रश्न तयार केले. चष्मा लावूनही आपणांस पाहण्यास अडचण येते काय? श्रवणयंत्र लावूनही ऐकण्यास अडचण येते काय? चालण्यास किंवा जिना चढण्यास अडचण येते काय? लक्षांत ठेवण्यास किंवा चित्त एकाग्र करण्यास अडचण येते काय? अंघोळ करणें, कपडे घालणें अशा स्वतःच्या कामांत अडचण येते काय? आणि आपल्या नेहमींच्या भाषेंत बोलतांना, दुसऱ्याचें समजून घेतांना किंवा आपलें त्याला समजावून देतांना अडचण येते काय? प्रत्येक प्रश्नास चार उत्तरें: मुळींच अडचण नाहीं, थोडी अडचण, फार अडचण, मुळींच करतां येत नाहीं. यांपैकीं एका तरी प्रश्नास ‘फार अडचण’ किंवा ‘मुळींच करतां येत नाहीं’ असें उत्तर आलें, तर ती व्यक्ति राष्ट्रीय आंकड्यांत अपंग म्हणून धरावी, असा त्या गटाचा सल्ला आहे.

या प्रश्नांतील खुबी पाहा. त्यांत ‘अपंग’ हा शब्द एकदांही येत नाहीं. कोणावर शिक्का मारला जात नाहीं. म्हणून कोणी दचकत नाहीं. ‘तुम्ही पांगळे आहां काय?’ असें विचारिलें तर आजोबा रागावतील. ‘जिना चढतांना त्रास होतो काय?’ असें विचारिलें तर तेच आजोबा पंधरा मिनिटें आपली हकीकत सांगतील! शिवाय उत्तर ‘आहे’ व ‘नाहीं’ या दोनच पेट्यांत कोंबावें लागत नाहीं. मनुष्याची खरी स्थिति या दोहोंच्या मधल्या कोठल्या तरी पायरीवर असते, ती तेथेंच नोंदवितां येते. आणि निरनिराळ्या देशांनीं हेच प्रश्न विचारिले तर त्यांची तुलनाही न्याय्य होते.

अर्थात् या पद्धतीसही मर्यादा आहेत. लहान मुलांना हे प्रश्न लागू पडत नाहींत, कारण तीन वर्षांच्या बालकाला स्वतः कपडे घालतां येत नाहींत यांत कांहींच वावगें नाहीं. म्हणून मुलांसाठीं त्या गटानें युनिसेफच्या साहाय्यानें २०१६ सालीं निराळी प्रश्नावली प्रसिद्ध केली. मनाच्या व्यथाही या सहा प्रश्नांतून बऱ्याचशा निसटतात. म्हणून दर दहा वर्षांची खानेसुमारी, मधून मधून होणाऱ्या सविस्तर नमुना-पाहण्या आणि सरकारी दप्तरांतील नोंदी या तिन्हींची सांगड घालावी लागते. दप्तरांत फक्त प्रमाणपत्र मागावयास आलेल्यांचींच नांवें असतात. पाहणी निवडक घरांतच होते. प्रत्येक घराचा उंबरठा ओलांडते ती एकटी खानेसुमारी.

या गणनेस आतां कायद्याचें बळही आहे. अपंगांच्या हक्कांविषयीं संयुक्त राष्ट्रांनीं २००६ सालीं जो करार केला, त्याच्या एकतिसाव्या कलमान्वयें योग्य आंकडे गोळा करणें हें राष्ट्रांचें कर्तव्य ठरलें. भारतानें २००७ सालीं त्यास मान्यता दिली. आपल्याकडील १९९५ च्या कायद्यांत अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यानें ते एकवीस केले आणि सरकारी नोकऱ्यांत शेंकडा चार जागा राखून ठेविल्या. परंतु हक्क कागदावर एकवीस प्रकारांना मिळाले आणि गणनेंत मात्र माणसें सांपडलींच नाहींत, तर त्या हक्कांचा उपयोग काय? आपल्या महाराष्ट्रांत २०११ सालीं सुमारें २९ लाख ६३ हजार अपंग नोंदले गेले. जे नोंदले गेले नाहींत, ते किती?

२०२१ सालीं व्हावयाची खानेसुमारी महामारीमुळें लांबली. पुढील खानेसुमारी १ मार्च २०२७ ही मुख्य तारीख धरून घेण्यांत येईल, असें भारत सरकारनें २०२५ सालीं जाहीर केलें. म्हणून पालकांस एक विनंती करावीशी वाटते. खानेसुमारीचा प्रगणक दाराशीं येईल तेव्हां घरांतील प्रत्येक माणसाविषयीं खरें सांगा. ज्याच्याविषयीं प्रश्न आहे तो बोलूं शकत असेल, तर त्यालाच बोलूं द्या. आजीचें बहिरेपण, धाकट्याची मंद वाढ, काकांची मनाची व्यथा यांपैकीं कांहींही ‘आमच्या घरांत तसें कांहीं नाहीं’ या वाक्याखालीं झांकूं नका. १९४८ च्या खानेसुमारी-कायद्यानें वैयक्तिक माहिती गुप्त ठेवली जाते. ती शेजाऱ्यास कळत नाहीं, न्यायालयांतही पुरावा म्हणून मांडतां येत नाहीं. गुप्त राखलेलें सत्य कोणाची अब्रू घेत नाहीं. पण दडविलेलें सत्य एखाद्या मुलाची शाळा मात्र घेतें.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांलाही एक अभ्यास सांगतों. आपल्या शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंत किती पायऱ्या आहेत त्या मोजा. फळ्यावरील अक्षरें शेवटच्या बांकावरून सर्वांस दिसतात काय तें पाहा. मग जवळच्या वस्तींतील जीं मुलें शाळेंत येत नाहींत, त्यांपैकीं किती मुलांना या पायऱ्या व हा फळा आड येतो, याचा आपल्या शिक्षकांसह विचार करा. कोणाचेंही नांव घेऊं नका, कोणासही हिणवूं नका. केवळ संख्या काढा. मग तुमच्या ध्यानांत येईल कीं, गणना ही कोरडी विद्या नसून शेजारधर्माची पहिली पायरी आहे.

त्या मेंढपाळानें शंभर मोजलीं, म्हणून त्यास एकाची उणीव भासली. आपणही अशी मोजणी करूं या कीं, तींतून एकही मनुष्य निसटूं नये.